झाडाखालच्या सावलीत एप्रिलची रानफुलं कशी लावायची

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, कनेक्टिकट, ओहायो या पट्ट्यात ज्यांच्या घरामागे मोठी ओक-मेपलची झाडं आहेत त्यांचा एक ठरलेला वैताग असतो, झाडाखाली लॉन धरत नाही. दर वर्षी बी टाका, खत टाका, पाणी मारा आणि जुलै आला की परत टक्कल. मग कोणीतरी सांगतं होस्टा लावा, कोणी म्हणतं पॅकिसॅन्ड्रा लावा, नाहीतर सरळ मल्च (लाकडाचा चुरा) ओतून मोकळे व्हा. माझं म्हणणं असं आहे की ती जागा मुळात लॉनची नाहीच, ती इथल्या जंगलातल्या रानफुलांची जागा आहे. ब्लडरूट, व्हर्जिनिया ब्लूबेल्स, ट्रिलियम, ट्राउट लिली, स्प्रिंग ब्यूटी, डचमन्स ब्रीचेस ही सगळी अमेरिकेच्या पूर्व भागातल्या पानगळीच्या जंगलात आपोआप उगवणारी फुलं, आणि थोडं समजून घेतलं तर ती बॅकयार्डात फार छान रमतात. शिकागो, टोरांटोकडच्या मंडळींनाही यातलं जवळपास सगळं चालेल. कॅलिफोर्निया, टेक्सासचं हवामान आणि फुलं वेगळी, त्यामुळे तिकडच्यांनी ही यादी जशीच्या तशी उचलू नका.

आधी ही फुलं जगतात कशी ते बघू, कारण बाकी सगळं त्यावरच अवलंबून आहे. मार्चच्या शेवटी बर्फ गेलेला असतो, जमीन ओली असते, आणि डोक्यावरच्या झाडांना अजून पानं आलेली नसतात, म्हणजे जंगलाच्या तळाशी भरपूर ऊन पोचतं. ही संधी साधून ही रोपं वर येतात, फुलतात, बी धरतात, पानांनी कमावलेलं अन्न खाली कंदात भरून ठेवतात आणि मेच्या मध्याला वर झाडांच्या पानांची छत्री बंद झाली की पिवळी पडायला लागतात. यातली बरीच जूनपर्यंत जमिनीवरून पूर्ण गायब! म्हणजे वर्षातले जेमतेम दोन महिने काय ती कमाई आणि बाकीचे दहा महिने जमिनीखाली. म्हणून यांना नुसती सावली चालते असं समजू नका. यांना एप्रिलमध्ये ऊन लागतं आणि जूननंतर सावली लागते. हे एवढं नीट कळलं ना, की जागा निवडणं, पाचोळा, पाणी, खत सगळ्याचं उत्तर त्यातूनच मिळत जातं.

त्यामुळे पहिलं काम एप्रिलमध्ये करायचं, खुरपं न घेता. एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी दहाला, दुपारी एकला आणि चार वाजता मागे जाऊन बघा ऊन कुठे कुठे पडतंय, फोनवर फोटो काढून ठेवा. ओक आणि हिकरीच्या खालची जागा सगळ्यात उत्तम, कारण त्यांना पानं उशिरा फुटतात आणि मुळंही मेपलइतकी वरवर जाळं करत नाहीत. शुगर मेपलखाली जमतं, जंगलात तर ही फुलं त्याच्याच खाली असतात, फक्त खड्डे करताना मुळं जास्त आडवी येतात. नॉर्वे मेपल असेल तर अवघड आहे. हे झाड युरोपातून आणून रस्तोरस्ती लावलेलं, सावली अतिशय दाट, मुळं अगदी वर, खालची माती कोरडीठाक. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे पानाचा देठ मोडून बघा, पांढरा चीक आला तर नॉर्वे मेपल. त्याच्या बुंध्याजवळ नादी लागू नका, फांद्यांच्या बाहेरच्या कडेला प्रयत्न करा. आणि पाइन, स्प्रूस, हेमलॉक यांच्याखाली किंवा घराच्या उत्तरेला भिंतीला लागून जिथे बारा महिने सावलीच असते तिथे ही एप्रिलवाली मंडळी लावू नका, तिथे नेचे लावा, ते खूष राहतील.

आता जमीन. इथे बरेच लोक उत्साहात टिलर आणतात, चार पोती टॉपसॉइल ओततात. कृपा करून करू नका. झाडाची अन्न शोषणारी मुळं वरच्या सहा-आठ इंचातच असतात, टिलर फिरवला की ती तुटतात आणि वर जाड मातीचा थर टाकला की गुदमरतात, म्हणजे ज्या झाडाच्या जिवावर ही बाग उभी राहणार त्यालाच इजा. या फुलांना हवी असते ती पाचोळा कुजून झालेली काळी भुसभुशीत माती, जी ओल धरते पण पाणी साचू देत नाही. ती विकत आणून होत नाही, पाचोळा तिथल्या तिथे राहू दिला की दोन-तीन वर्षांत वरचा थर आपोआप बदलायला लागतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लॉनवरची पानं मोवरने बारीक करा आणि दोन इंचांचा थर झाडाखाली पसरा, ओकची पानं तर बारीक केलेलीच बरी कारण अख्खी पानं ओली होऊन एकावर एक चिकटतात आणि कोवळे कोंब त्यातून वर येऊ शकत नाहीत. थोडा अख्खा पाचोळा एखाद्या कोपऱ्यात तसाच सोडा, त्याच्याखाली मातीत भुंग्यांच्या (बंबलबी) राण्या थंडी काढतात आणि एप्रिलमध्ये याच फुलांवर पहिल्या येतात. लॉनवाले येत असतील तर त्यांना स्पष्ट सांगून ठेवा की या भागात ब्लोअर मारायचा नाही, रंगवलेला मल्च टाकायचा नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तणनाशक मिसळलेलं लॉनचं खत इथे पडता कामा नये. ते रुंद पानाच्या सगळ्याच रोपांना मारतं, त्याला डँडेलियन आणि ट्रिलियममधला फरक कळत नाही. क्रॅबग्रास येऊ नये म्हणून एप्रिलमध्ये जे टाकतात तेही नको, त्याने पडलेलं बी रुजत नाही.

सॉइल टेस्ट एकदा करून घ्या, रटगर्सची लॅब आहे, पेन स्टेटची आहे, बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठाची असतेच. यातली बहुतेक फुलं किंचित आम्ल ते न्यूट्रल मातीत बरी वाढतात, ब्लूबेल्स आणि हिपॅटिका (हेही इथलंच एक वसंतातलं रानफूल) यांना न्यूट्रलच्या जवळची माती आवडते. टेस्ट केल्याशिवाय चुना टाकू नका. खताची खरं तर गरज नसते.

पुढचं जरा नीट वाचा कारण आपल्याला लहानपणापासून उलट शिकवलंय. गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र, हे आपल्याकडच्या शेतीत खरं आहे. पण अमेरिकेच्या उत्तर भागात शेवटच्या हिमयुगात जिथे जिथे बर्फाचे थर होते, न्यू जर्सीचा उत्तरेकडचा भागही त्यात आला, तिथल्या जंगलांत गांडुळं उरलीच नव्हती. ही जंगलं, ही फुलं, सगळं गांडुळांशिवाय पाचोळा हळूहळू कुजण्याच्या हिशोबाने वाढलेलं आहे. आज तिथे दिसणारी बहुतेक गांडुळं बाहेरून आलेली. त्यात अलीकडे पूर्व आशियातून आलेल्या जंपिंग वर्म्सनी फार नुकसान चालवलंय. ती पाचोळ्याचा थर एका उन्हाळ्यात फस्त करतात आणि मातीची अवस्था कॉफीच्या चोथ्यासारखी रवाळ, सुटी सुटी होते, त्यात मुळं धरत नाहीत. हात लावला की हे गांडूळ सापासारखं वळवळतं, उड्या मारतं, आणि डोक्याच्या बाजूला एक गुळगुळीत फिकट पांढरट पट्टा शरीराभोवती पूर्ण गोल असतो. आपल्याकडे आहेत का ते बघायचं असेल तर ऑगस्टच्या सुमारास पाव कपापेक्षा थोडी जास्त मोहरीची पूड एक गॅलन पाण्यात कालवा आणि फूटभर जागेतला पाचोळा बाजूला करून हळूहळू ओता, असतील ती वर येतात. रोपांना त्याने काही होत नाही.

यांच्यावर खात्रीचं औषध नाही, त्यामुळे आत येऊ न देणं हाच उपाय. मोठी गांडुळं थंडीत मरतात पण त्यांची अंडी बारीक कोषात मातीत टिकून राहतात आणि कुंडीतल्या मातीतून, फुकटच्या मल्चमधून, शेजारणीने प्रेमाने दिलेल्या रोपाच्या गड्ड्यातून आपल्याकडे येतात. म्हणून कोणाकडूनही रोप आणलं, कितीही जवळच्या मैत्रिणीकडून, तरी बादलीत मुळं हलकेच धुऊन माती पूर्ण काढा आणि मगच लावा, ते गढूळ पाणी आणि माती वाफ्यात न ओतता गाळून कचऱ्यात. सापडलेली गांडुळं पिशवीत बांधून उन्हात ठेवा. वाचायला निष्ठुर वाटेल, पण ज्या जंगलांत ही शिरली आहेत तिथला उघडा पडलेला तळ एकदा बघितला की पटतं.

जागा साफ करायची तेव्हा इंग्लिश आयव्ही, व्हिंका, गार्लिक मस्टर्ड हे आधी काढा. आणि एक पिवळं फुल आहे त्याच्यापासून सावध, लेसर सेलंडाइन. मार्चमध्ये चकचकीत हिरव्या पानांची सतरंजी पसरते, त्यावर पिवळी धमक फुलं, बघून वाटतं अरे वा रानफुलं आपोआपच आली. ती आपली नव्हेत. युरोपातून आलेलं हे रोप एप्रिलचं तेच ऊन, तीच ओल आधी गिळून बसतं आणि खाली काही वाढू देत नाही. मुळाशी छोटे छोटे गाठीसारखे कंद असतात, उपटताना प्रत्येक कंद मागे राहिला की नवीन रोप, त्यामुळे खुरप्याने मातीसकट उचला आणि कंपोस्टमध्ये न टाकता कचऱ्याच्या पिशवीत भरा. इथलं मूळचं मार्श मॅरिगोल्ड साधारण तसंच दिसतं पण ते पाणथळ जागी गुच्छाने वाढतं, त्याची सतरंजी होत नाही आणि मुळाशी असे कंद नसतात. ओढ्याकाठी राहत असाल तर आधी खणून बघा आणि मग काय ते ठरवा.

रोपं कुठून आणायची? जंगलातून अजिबात नाही. स्टेट पार्कातून रोप उपटणं बेकायदा आहेच, पण परवानगी असती तरी करू नये, कारण जंगलातून खणून आणलेलं ट्रिलियम बहुतेक वेळा जगत नाही आणि तिथलं गेलं ते गेलंच. विकत घेतानाही हे बघावं लागतं. ट्रिलियमला बीपासून फुलापर्यंत साधारण सात ते दहा वर्षं लागतात. आता कोणी तुम्हाला फुलणाऱ्या ट्रिलियमचे कंद ऑनलाइन डझनाने स्वस्तात विकत असेल तर एवढी वर्षं त्याने ते वाढवले असतील का, विचार करा. ते कुठल्यातरी डोंगरावरून खणलेले असतात. नर्सरीत विचारायचा प्रश्न असा: हे रोप तुमच्याकडे बीपासून किंवा विभागणी करून तयार केलंय का? 'नर्सरी प्रॉपगेटेड' असं उत्तर हवं. 'नर्सरी ग्रोन' म्हणाले तर अजून एकदा विचारा, कारण जंगलातून आणून वर्षभर कुंडीत ठेवलेलं रोपही त्यात बसतं. जी नर्सरी या प्रश्नाला टाळाटाळ करते तिथून घेऊ नका. वसंतात ठिकठिकाणी नेटिव्ह प्लांट सेल लागतात, तिथे चांगली रोपं आणि माहिती असलेली माणसं दोन्ही भेटतात.

सुरुवात कशाने करावी असं मला कोणी विचारलं तर मी ब्लूबेल्स म्हणेन. शास्त्रीय नाव मर्टेन्सिया व्हर्जिनिका, नर्सरीत हेच नाव सांगा कारण ब्लूबेल्स नावाने युरोपातले कंदही विकले जातात. एप्रिलच्या सुरुवातीला जांभळट काळपट पानांचे कोंब वर येतात, एवढे गडद की करपलेत की काय वाटावं, मग आठवड्याभरात ती मऊ हिरवी होतात, कळ्यांचे गुच्छ खाली झुकतात. कळी गुलाबी असते आणि उमलता उमलता निळी होत जाते, एकाच गुच्छात गुलाबी, जांभळट, आकाशी सगळं एकदम दिसतं. थोडी ओलसर जागा मिळाली की बी पडून दर वर्षी पसरतात, हरणंही यांना बऱ्यापैकी सोडतात. लॉनच्या उताराला जिथे पावसाचं पाणी थोडा वेळ रेंगाळतं ती यांची जागा.

दुसरं ब्लडरूट. न्यू जर्सीत पाडव्याच्या आसपास वर येतं, पाडवा उशिरा असेल तर आधीच. हे रोप उगवताना बघायला गुडघे टेकून बसावं लागतं. एकच पान असतं आणि ते पान कळीच्या देठाभोवती शालीसारखं गुंडाळलेलं, कळी त्यातून वर डोकं काढते, ऊन पडलं की पांढऱ्याशुभ्र पाकळ्या उघडतात, मध्ये पिवळे पुंकेसर, आणि संध्याकाळी परत मिटतात. फूल टिकतं दोन-चार दिवस, जोरदार पाऊस आला तर तेवढंही नाही, पण पान नंतर तळहाताएवढं मोठं होऊन बराच काळ राहतं आणि तेही देखणं असतं. जमिनीखालचा आडवा गड्डा मोडला तर लालभडक-केशरी रस येतो, तो कातडीला लावू नका. याची एक दुहेरी पाकळ्यांची जात मिळते, फूल जास्त दिवस टिकतं म्हणून लोक घेतात, पण तिचे पुंकेसरच पाकळ्या झालेले असतात, म्हणजे मधमाशीला पराग नाही आणि आपल्याला बी नाही. मी साधीच घ्या म्हणेन.

स्प्रिंग ब्यूटी अगदी बारीक, फिकट पांढऱ्या पाकळ्यांवर गुलाबी रेघा, आणि ही एकच अशी आहे की जी विरळ लॉनमध्येही चालते, फक्त पानं पिवळी पडेपर्यंत मोवर फिरवायचा नाही. हिच्या परागावरच पिल्लं वाढवणारी एक छोटी रानटी मधमाशी इथे आहे, फुलं आली की ती येतेच. ट्राउट लिली मात्र धीर बघते. ठिपक्याठिपक्यांची पानं छान पसरतात पण एका पानाचं रोप फुलत नाही, दोन पानं आली की मगच फूल, आणि कितीतरी वर्षं अख्ख्या ताटव्यात मोजकीच फुलं असतात. लावा, पण पहिल्या वर्षी त्यावर आशा ठेवून बसू नका. डचमन्स ब्रीचेसला छान निचरा होणारा उतार द्या.

जॅक-इन-द-पल्पिट आपल्या लोकांना बघताक्षणी ओळखीचं वाटेल, कारण पावसाच्या सुरुवातीला महाबळेश्वर, कास, भीमाशंकरकडे फण्यासारखा उभा राहणारा सापकांदा याच कुळातला, अरिसेमाच. इथला मेमध्ये फुलतो. गंमत म्हणजे हे रोप कंदात अन्न कमी असेल त्या वर्षी नर असतं आणि चांगलं पोसलं की मादी होतं, मादी झाली की शरद ऋतूत लाल फळांचं कणीस धरतं. एकदम सोपं रोप, ओलसर जागेत लावून विसरून जा. मेॲपल म्हणजे छत्र्यांचा ताटवा, पण तो पसरतो, लहान वाफ्यात घेऊ नका. त्याचाच हिमालयातला भाऊबंद आपल्याकडे औषधासाठी एवढा खणला गेला की तिथे तो दुर्मिळ झाला.

ट्रिलियम मी जाणूनबुजून शेवटी ठेवलंय. तीन पानं, तीन पाकळ्या, पांढरं मोठं फूल जुनं होत जाताना गुलाबी होतं. ओंटारियोने १९३७ पासून ते आपलं फूल मानलंय, त्यामुळे टोरांटोकर त्याला चांगलं ओळखतात. बाकीची रोपं आपल्या जागेत एक-दोन वर्षं टिकली, पसरायला लागली, म्हणजे माती बरोबर आहे असं समजायचं आणि मग ट्रिलियमवर पैसे घालायचे. फूल तोडू नका, कारण देठासकट तोडलं तर तिन्ही पानं त्याबरोबर जातात, आणि त्या वर्षी दुसरी पानं येत नाहीत. मग कंदाला त्या वर्षीची कमाईच नाही. हरणाने खाल्लं तरी तेच होतं.

लावायची वेळ दोन. कुंडीतली रोपं एप्रिल-मेमध्ये, आणि नुसते कंद किंवा गड्डे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, जमीन गोठायच्या आत मुळं धरतील असे. पाचोळा हाताने बाजूला करा, खुरपं किंवा अरुंद ट्रॉवेल घ्या आणि झाडाच्या मुळांमध्ये मोकळी जागा चाचपडत शोधा. बोटाएवढं जाड मूळ लागलं तर ते तोडायचं नाही, खड्डा दोन इंच इकडे सरकवायचा. ब्लडरूटचा गड्डा आडवा, वर जेमतेम इंचभर माती. ट्रिलियम दोन ते चार इंच. स्प्रिंग ब्यूटीचे बटणासारखे कंद दोन-तीन इंच, ट्राउट लिलीचे चार-पाच इंच खोल. ब्लूबेल्सचा गाजरासारखा जाड गड्डा उभा, त्याचा डोळा इंचभर खाली. एकेक रोप लांब लांब न लावता तीन-पाच एका ठिकाणी लावा, जंगलात ती अशीच दिसतात आणि भुंग्यांनाही सापडतात. पाणी द्या, पाचोळा परत ओढून घ्या. पहिल्या वर्षी पानं असेपर्यंत आठवड्याला इंचभर पाणी मिळालं पाहिजे, पाऊस नसेल तर आपण द्यायचं. एकदा झोपली की रोज पाणी मारू नका, कंद कुजतात. फक्त मोठा दुष्काळ पडला तर अधूनमधून झाडासाठी म्हणून खोल पाणी द्या.

जूनमध्ये रोपं पिवळी पडली की नवीन लोक घाबरतात, मेलं म्हणून उपटतात. उपटू नका, कापू नका, बांधू नका, पिवळं पान स्वतःहून गळेपर्यंत खाली अन्न जातच असतं. आणि आत्ताच, पानं दिसतायत तोवर, प्रत्येक ठिकाणी धातूची पट्टी किंवा खुणेचा दगड रोवून ठेवा, नाहीतर सप्टेंबरमध्ये दुसरं काही लावताना याच कंदांवर खुरपं बसतं. रिकामी जागा भरायला सोबतीची रोपं लावायची. वाइल्ड जिंजर, फोमफ्लॉवर, वुडलँड फ्लॉक्स, ख्रिसमस फर्न, पेनसिल्व्हेनिया सेज (sedge, गवतासारखं रोप), वाइल्ड जिरेनियम. पैकी फोमफ्लॉवर आणि फ्लॉक्स स्वतःही मेमध्ये सुंदर फुलतात, आणि फर्न ब्लूबेल्सच्या मधोमध लावलं तर ब्लूबेल्स पिवळ्या पडतात नेमक्या त्याच वेळी त्याची नवी पानं उलगडून सगळं झाकून टाकतात. होस्टा फार जवळ नको, त्याची मोठी पानं वर येतात तेव्हा खालच्यांचे शेवटचे महत्त्वाचे दिवस चालू असतात.

वाइल्ड जिंजरबद्दल एक अगदी कळकळीने सांगते. मुळाला खरंच आल्याचा वास येतो आणि आपल्या घरात कोणालातरी, विशेषतः इथे आलेल्या आई-बाबांना, ते चहात ठेचून घालायचा मोह होऊ शकतो. अजिबात घालू नका. त्याचा आपल्या आल्याशी काही संबंध नाही, त्यात ॲरिस्टोलोकिक ॲसिड असतं आणि ते किडनी खराब करतं, कॅन्सरही होऊ शकतो. मेॲपलची पानं-मुळं विषारी, जॅकचा कंद कच्चा चावला तर अळूच्या कितीतरी पट घशाला खाज. नातवंडं खेळणार असतील तर ही तीन आतल्या बाजूला लावा आणि घरातल्या सगळ्यांना एकदा दाखवून ठेवा.

हरणांचा प्रश्न खरा आहे. ट्रिलियम त्यांचं आवडतं खाणं, आणि ज्या जंगलात हरणं फार झाली तिथून ट्रिलियम संपत चाललंय. पूर्ण कुंपण करायचं तर आठ फूट उंच लागतं. ते जमणार नसेल तर निदान ट्रिलियम आणि हिपॅटिकावर चिकन वायरचे पिंजरे मार्चमध्ये ठेवा आणि जूनमध्ये काढा. वासाचा स्प्रे चालतो पण कोंब वर आल्याबरोबर मारावा लागतो आणि मोठ्या पावसानंतर परत. नेचे, वाइल्ड जिंजर, मेॲपल, सेज यांना हरणं सहसा तोंड लावत नाहीत. आणि स्वतःची काळजी म्हणजे गोचीड. पाचोळ्यात काम म्हणजे गोचीड आलीच, लाइम डिसीज पसरवणारी बारीक पिल्लं मे ते जुलै सगळ्यात जास्त असतात, खसखशीएवढी, दिसतही नाहीत. फुल पँट मोज्यात खोचा, फिकट रंगाचे कपडे घाला, आत आल्यावर कपडे थेट ड्रायरमध्ये आणि अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत, केसांत नीट बघा.

बाग लावायच्या आधी एकदा तरी ही फुलं त्यांच्या जागी बघून या, फोटोवरून अंतर, गर्दी, शेजार कळत नाही. न्यू जर्सी-फिलाडेल्फियावाल्यांना न्यू होपजवळचं बोमन्स हिल वाइल्डफ्लॉवर प्रिझर्व्ह जवळ पडतं, १९३४ पासूनचं आहे. लँकेस्टर काउंटीत शेंक्स फेरीला एप्रिलच्या मध्यात ब्लूबेल्स बघण्यासारखे असतात. डेलावेअरमधलं माउंट क्युबा सेंटर ट्रिलियमसाठी, आणि बॉस्टनकडच्यांना फ्रेमिंगहॅमचं गार्डन इन द वुड्स. कुठल्या झाडाखाली काय आहे, ओढ्याच्या किती जवळ आहे, उतार कुठल्या दिशेला आहे हे लिहून घ्या, घरी त्याचाच उपयोग होतो.

दोन-तीन वर्षांनी तुमच्याकडे बी धरायला लागेल. ब्लडरूटच्या टोकदार शेंगा मेच्या शेवटी-जूनमध्ये फुगतात, आतलं बी तपकिरी झालं की तयार. प्रत्येक बियाला एक पांढरट मऊ कोंबासारखा भाग चिकटलेला असतो, तो चरबीयुक्त असतो आणि मुंग्या त्यासाठी बी वारुळात ओढून नेतात, तो भाग पिल्लांना खायला घालतात आणि बी तसंच कचऱ्याच्या ढिगात टाकून देतात, जिथे त्याला आयती सुपीक जागा मिळते. ट्रिलियम, ट्राउट लिली, डचमन्स ब्रीचेस, स्प्रिंग ब्यूटी सगळ्यांची बी अशीच पसरतात, म्हणून या भागात मुंग्यांची पावडर टाकू नका. स्वतः पेरायचं असेल तर बी वाळवून डबीत ठेवायची आपली सवय इथे चालत नाही. ब्लडरूट आणि ट्रिलियमचं बी वाळलं की रुजायचं अवघड होतं, शेंग फुटली त्याच दिवशी अर्धा इंच खोल पेरा, वर पाचोळा टाका आणि जाळी लावा म्हणजे खारी उकरणार नाहीत. ब्लूबेल्स पुढच्या वसंतात वर येतील, ब्लडरूट साधारण तेव्हाच आणि फुलायला तीन-चार वर्षं घेईल. ट्रिलियमला दोन हिवाळे लागतात, पहिल्यानंतर फक्त खाली मूळ फुटतं, वर काहीच दिसत नाही, दुसऱ्यानंतर एक बारीक गवतासारखं पान. त्या जागेवर खूण करून ठेवा आणि तण काढताना ते एकच पान उपटलं जाणार नाही एवढं बघा.